सुटलेलें बटण आणि घरचें वळण

तोरण्याच्या पायथ्याचें वेल्हें मागें टाकून केळदच्या व मढे घाटाच्या वाटेला लागलें, म्हणजे पासली हें गांव लागतें. सभोंवार सह्याद्रीचे डोंगर, सखल जागीं भाताचीं खाचरें, उतारांवर नाचणी, आणि आषाढ-श्रावणांत दिवस दिवस न थांबणारा पाऊस. अशा गांवीं भर पावसाळ्यांत शाळेला निघालेल्या मुलाच्या सदऱ्याचें बटण सुटलें तर काय करावें? शहरांत गल्लीच्या तोंडाशीं शिंपी बसलेला असतो. डोंगरांतल्या खेड्याला तें सुख नाहीं. एका बटणासाठीं कोणी पावसांतून बाजाराचा गांव गांठीत नाहीं. जें करावयाचें तें घरांतल्या सुईनें व घरांतल्या हातांनीं करावें लागतें; आणि तें अशा रीतीनें करावें लागतें, कीं पुन्हां महिना-दोन महिने त्याकडे पाहण्याचें कारण पडूं नये.

आतां हाच प्रसंग पुण्या-मुंबईकडील एखाद्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांत कल्पून पाहावा. दहा वाजतां कचेरी गांठावयाची. सदरा अंगांत घालतांना गळ्याजवळचें बटण हातांत येतें, आणि "अग, जरा एवढें बटण लावून दे" अशी हांक स्वयंपाकघराकडे जाते. तव्यावरची पोळी तशीच टाकून घरची सून धांवत येते. सुई सांपडत नाहीं. सुई सांपडली तर दोरा सांपडत नाहीं. आणि दोरा सांपडला तर तो काळा व सदरा पांढरा! कसेबसे चार टाके घालून बटण अडकविलें जातें, आणि संध्याकाळीं तें पुन्हां लोंबूं लागतें. दोष मात्र सुनेच्या पदरीं पडतो. घरांत चार-पांच पदवीधर असतां, स्वतःच्या कपड्याचें बटण स्वतःच्या हातानें लावील असा पुरुष एकहि नसावा, यांत कोणाला कांहीं उणें वाटत नाहीं.

विषय क्षुल्लक आहे असें वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गोष्टी क्षुल्लक म्हणून कोणी शिकत नाहीं, त्यांचाच भार घरांतील एका-दोघींच्या अंगावर कायमचा येऊन पडतो. म्हणून बटण, हूक आणि टिचबटण यांची थोडी हकीकत, तीं हातानें पक्कीं लावण्याची रीत, आणि हें काम कोणाचें याविषयीं दोन शब्द, इतकें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

बटणाचें कूळ

आपल्या पूर्वजांच्या पोशाखांत बटणाला फारसें स्थान नव्हतें. बाराबंदीचें नांवच तिच्या बारा बंदांवरून पडलें. अंगरख्यालाहि बंदच असत. बायकांची चोळी पुढें गांठ मारून बसविलेली, आणि लेंकरांच्या झबल्या-कुंचीलाहि बंदच. कोठें कुडत्याला दोऱ्याची किंवा कापडाची गुंडी आणि तिच्यासाठीं फासा असे, एवढेंच. मावळांतील शेतकऱ्याची घोंगडी आणि भातलावणीच्या वेळचें इरलें यांत तर सुटण्यासारखें कांहीं नव्हतेंच. बंद तुटला तर दुसरी चिंधी शिवली, कीं काम भागलें.

शोभेचें बटण मात्र या भूमीला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सिंधु संस्कृतीच्या अवशेषांत शिंपल्याचीं, भोकें पाडलेलीं बटणें सांपडलीं आहेत. तीं कपडा मिटविण्यापेक्षां अलंकारासारखींच वापरीत असावेत, असें पंडित मानतात. काजांत बटण अडकवून कपडा अंगाबरोबर बसविण्याची युक्ति युरोपांत तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. आपल्याकडे ती रुजविण्यांत पोर्तुगीजांचा वांटा असावा, याची खूण भाषेंतच राहून गेली आहे. कोंकणींत बटणाला 'बुतांव' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांचा. आणि ज्याला आपण अस्सल घरचा शब्द समजतों तो 'काज' हाहि पोर्तुगीज 'काझा' या शब्दावरून आला, असें शब्दव्युत्पत्तीचे जाणकार सांगतात. 'काझा' म्हणजे घर! बटण ज्यांत राहतें तें त्याचें घर, अशी ती सुरेख कल्पना आहे. आशियांतील भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह गोव्याचे विद्वान् मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केला.

टिचबटणाची हकीकत याहून बरीच अलीकडची. जर्मनींतील हेरिबर्ट बाउअर यानें १८८५ सालीं दाबून मिटणाऱ्या बटणाचें पेटंट घेतलें, तें पुरुषांच्या विजारींसाठीं. पुढें १९०३ च्या सुमारास हान्स प्रिम यानें त्यांत बारीक स्प्रिंग बसविली, आणि मग दाबलें कीं मिटणारें व ओढलें कीं सुटणारें बटण खरोखर उपयोगांत आलें. प्राग शहरीं यिंद्रिख वाल्देस याच्या कारखान्यानेंहि अशीं बटणें जगभर पाठविलीं. त्यानें आपल्या मालाला नांव दिलें होतें 'कोहिनूर'! गोवळकोंड्याकडील हिऱ्याचें नांव घेऊन एक टिकलीएवढें बटण युरोपांत खपलें, ही गंमत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. चोळीच्या गांठीची जागा पोलक्यानें घेतली, तेव्हां हूक आणि टिचबटण हीं दोन्हीं आपल्या घरांत आलीं, तीं आजतागायत आहेत.

बटण सुटतें कां?

पुष्कळांची अशी समजूत असते, कीं बटण सुटतें तें दोरा थोडा पडल्यामुळें. म्हणून पुन्हां लावतांना दहा-वीस टाके घालून बटण कापडाशीं घट्ट आवळून टाकतात. खरें पाहतां हेंच पुढच्या सुटण्याचें कारण होतें. बटण मिटलें असतां त्याच्या व खालच्या कापडाच्या मध्यें वरच्या पट्टीची जाडी यावयाची असते. तिला जागाच ठेवली नाहीं तर प्रत्येक वेळीं बटण काजांतून ओढून काढावें लागतें, कापड चुरगळतें, दोरा बटणाच्या भोंकांच्या कडांवर घांसतो, आणि एक दिवस दोरा तरी तुटतो किंवा कापड तरी फाटतें. फळ जसें देठावर, तसें बटण देठावर असावें लागतें. हा दोऱ्याचा देठ हेंच बटण लावण्यांतलें सारें मर्म आहे.

दुसरें कारण नव्या, तयार कपड्यांत आढळतें. कारखान्यांतील बटणें यंत्रानें लावतात, आणि त्यांतील पुष्कळ यंत्रें एकाच दोऱ्याची सांखळी विणीत जातात. अशा सांखळीचें एक टोंक सुटलें, कीं ओढतांच सगळी सांखळी उसवत जाते. म्हणून नवा सदरा आणला, कीं अंगांत घालण्यापूर्वीं त्याचीं बटणें उलटून पाहावीं. मागें दोऱ्याचें टोंक लोंबत असलें तर तें ओढूं नये, तें सुईंत ओंवून मागल्या बाजूस पक्कें करावें. पांच मिनिटांचें हें काम पुढची सकाळची धांवपळ वांचवितें.

बटण लावण्याची रीत

दोरा दुहेरी केल्यावर एक हात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोंकापर्यंत भरेल, इतकाच घ्यावा. लांब दोरा घेतल्यानें वेळ वांचत नाहीं. गुंता होऊन उलट जातो. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदां ओढून घेतला, तर तो पिळत नाहीं व टिकतोहि जास्त.

जागा डोळ्यांच्या अंदाजानें ठरवूं नये. कपडा मिटल्याप्रमाणें दोन्हीं पट्ट्या एकमेकींवर नीट ठेवाव्यात, काजांतून टांचणी खालच्या पट्टींत घालावी, आणि जेथें टांचणी रुतली तेथें खूण करावी. उभें काज असेल तर टांचणी त्याच्या वरच्या टोंकापासून किंचित् खालीं घालावी. आडवें काज असेल तर कपड्याच्या कडेकडील टोंकाशीं घालावी, कारण ओढ लागतांच बटण सरकून त्याच टोंकाशीं जाऊन बसतें. एक बटण एका बोटानें वरखालीं झालें तर सबंध सदरा वांकडा दिसतो, हें शिंप्याला सांगावें लागत नाहीं. घरीं शिवणाऱ्यांनीं मात्र तें लक्षांत ठेवावें.

खुणेच्या जागीं प्रथम दोन बारीक टाके घालून दोरा पक्का करावा. मग बटण ठेवून, त्याच्या वर भोंकांच्या मध्यें एक टांचणी, जाड कापड असेल तर काडेपेटीची काडी आडवी धरावी, आणि टाके त्या काडीवरून घ्यावेत. एकेका जोडीस तीन-चार टाके पुरे होतात. चार भोंकांच्या बटणाला दोन समांतर रेघा घालाव्यात कीं फुली, हा आवडीचा प्रश्न आहे. परंतु समांतर टाक्यांच्या दोन जोड्या निरनिराळ्या पक्क्या केल्या, तर एक जोडी तुटली तरी बटण दुसरीवर टिकून राहतें आणि भर कचेरींत फजिती होत नाहीं. टाके झाले, कीं काडी काढून घ्यावी, बटण वर उचलावें, सुई बटण व कापड यांच्या मध्यें आणावी, आणि दोरा टाक्यांभोंवतीं चार-पांच वेळां घट्ट गुंडाळावा. हाच तो देठ. मग सुई मागल्या बाजूस नेऊन दोन-तीन बारीक टाक्यांनीं दोरा अडकवून कापावा. दोरा दांतानें तोडण्याची संवय वाईट. तिनें दांतहि बिघडतात व टांकाहि सैल होतो.

कोटासारख्या जाड कपड्यावर मोठें बटण लावतांना आंतल्या बाजूस एक लहान चपटें बटण ठेवून दोन्हीं एकदमच शिवावीं. ओढ कापडावर न येतां त्या आंतल्या बटणावर येते. कापड तलम असेल, तर आंतून त्याच रंगाच्या कापडाचा छोटा चौकोनी तुकडा ठेवावा. ज्या बटणाला मागें कडी असते, त्याला स्वतःचाच देठ असतो. त्याच्या दोऱ्याला आणखी उंची देण्याचें कारण नाहीं.

हूक आणि टिचबटण

पोलक्याचा हूक पट्टीच्या अगदीं कडेला लावूं नये. किंचित् आंत घ्यावा, म्हणजे तो बाहेरून दिसत नाहीं. त्याच्या दोन्हीं कड्यांभोंवतीं टाके घालून पुष्कळजणी तेथेंच थांबतात. परंतु हुकाची मान, म्हणजे वांकलेल्या भागाच्या खालची जागा, दोन-तीन टाक्यांनीं कापडाशीं धरली नाहीं, तर तो उभा राहतो, टोंचतो व वेळीं-अवेळीं सुटतो. समोरच्या पट्टीवर दोऱ्याचा फासा करावयाचा असल्यास तीन-चार दोरे आडवे घालून त्यांवर काजाचा टांका दाट भरीत जावें. फासा हुकाच्या रुंदीइतकाच असावा. सैल फाशामुळें पट्टीला फट पडते.

टिचबटणाच्या दोन भागांना नर व मादी म्हणतात. नर वरच्या पट्टीच्या आंतल्या अंगाला आणि मादी खालच्या पट्टीच्या वरच्या अंगाला, असा क्रम ठेवावा. आधीं नर शिवावा. मग त्याच्या टोंकाला खडू लावून पट्टी दाबावी, म्हणजे मादीची नेमकी जागा खालीं उमटते. प्रत्येक भोंकांत तीन-चार टाके घालावेत, आणि एका भोंकांतून दुसऱ्यांत जातांना सुई कापडाच्या थरांमधून न्यावी. वरच्या पट्टीच्या बाहेरच्या बाजूस टांका दिसतां कामा नये. सोडतांना कापड ओढूं नये. दोन भागांमध्यें नख घालून सोडावें. धुण्यापूर्वीं टिचबटणें मिटून टाकावींत, म्हणजे तीं आपटून चेपत नाहींत.

पावसाळ्याची काळजी

वेल्ह्या-भोराकडील डोंगराळ भागांत, तशीच कोंकणांत, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहींत. ओलसर कापडांत लोखंडी हूक राहिला कीं गंजतो, आणि गंजाचा तांबूस डाग पोलक्यावर कायमचा बसतो. अशा ठिकाणीं पितळी किंवा चांगला मुलामा दिलेले हूक घ्यावेत. चार पैसे जास्त पडले तरी पोलकें वांचतें. पांढऱ्या सुती कापडावर गंजाचा डाग पडलाच, तर त्यावर लिंबू पिळून मीठ घालावें, कापड उन्हांत ठेवावें व मग स्वच्छ धुवावें. बहुधा डाग फिकट होतो. रंगीत कापडावर मात्र हा उपाय आधीं आंतल्या कोपऱ्यावर करून पाहावा, कारण लिंबानें रंगहि उडतो.

जुना कपडा गोधडींत घालण्यापूर्वीं त्याचीं बटणें व हूक काढून डबींत ठेवण्याची आपल्या आजीबाईंची रीत फार शहाणपणाची होती. एक तर गोधडींत कठीण वस्तु टोंचत नाहीं. दुसरें, सुटलेल्या बटणाला जोडीचें बटण घरांतच सांपडतें. त्या डबींत दोन सुया, पांढरा, काळा व खाकी असे तीन रंगांचे दोरे, मेणाचा तुकडा आणि लहान कात्री असली, कीं घराची सोय पुरी झाली. डबी एका ठराविक जागीं असावी, आणि ती जागा घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असावी.

तान्ह्या मुलाविषयीं

लहान मूल हातांत येईल तें तोंडांत घालतें. सैल बटण ओढून काढणें तर त्याला खेळच वाटतो. असें बटण गिळलें जातें, नाकांत घातलें जातें, आणि श्वासनलिकेंत अडकल्यास जिवावर बेततें. ज्या घरांत रांगतें मूल आहे, त्या घरांत झबल्याला बंदच असावेत, आणि तेहि आंखूड. बटणाचेंच कपडे वापरावयाचे झाल्यास प्रत्येक धुण्यानंतर एकेक बटण ओढून पाहावें. मोठ्या माणसांच्या अंगरख्याचीं व पोलक्यांचीं बटणेंहि तपासावीं. कारण मूल कडेवर असतें तेव्हां त्याचा हात तेथेंच जातो. पक्क्या देठाचें महत्त्व या ठिकाणीं सोयीपुरतें राहत नाहीं.

हें काम कोणाचें?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. सुई-दोरा म्हणजे बायकांचें काम, असें म्हणण्याची संवय आपल्या घरांत मुरलेली आहे. पण शिंप्याची दुकानें पुरुषांनींच चालविलीं आहेत, हें आपण रोज पाहतों. म्हणजे पुरुषाच्या हाताला सुई धरतां येत नाहीं असें मुळींच नाहीं. इंग्रज शिपायाच्या सामानांत सुई, दोरा व बटणें ठेवलेली एक लहान गुंडाळी असे, आणि तिला ते लोक गमतीनें 'हाउसवाइफ', म्हणजे गृहिणी, म्हणत! रणांगणावर खरी गृहिणी बरोबर नसते. बटण सुटलें तर शिपायानें स्वतःच लावावयाचें. जें काम शिपायाच्या मर्दपणाला कमीपणा आणीत नाहीं, तें कारकुनाच्या किंवा प्रोफेसराच्या प्रतिष्ठेला कसा आणील? शिवाय आजचीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परगांवीं, परदेशीं एकटीं राहतात. तेथें हांक मारावयाला स्वयंपाकघरांत कोणी नसतें.

आपल्या मुलींना शिवण शिकविण्याची खटपट पूर्वींच्या पिढीनें मोठ्या कळकळीनें केली. १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं सेवासदन काढलें. तेथें शिवणकामाचे वर्ग चालत, त्यांत केवळ घरसंसाराची सोय पाहिलेली नव्हती. निराधार स्त्रीला स्वतःच्या हातांनीं चार पैसे मिळवितां यावेत, कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये, हा त्यामागचा हेतु होता. सुई ही त्या काळच्या कित्येक स्त्रियांच्या स्वाभिमानाचें साधन झाली.

परंतु याच सुईची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. तयार कपड्यांच्या धंद्यांत काज-बटण करणें, हूक लावणें, साडीला फॉल लावणें हीं कामें कितीतरी स्त्रिया घरीं आणून करतात. मोबदला नगावर किंवा डझनावर मिळतो. डोळे, मान व पाठ यांची झीज कोणी मोजीत नाहीं. दोरा कित्येकदां स्वतःचा, दिवाहि स्वतःचा. 'फावल्या वेळचें काम' असें म्हटलें, कीं त्याची किंमत कमी करावयाला सबब मिळते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९९६ सालीं घरीं बसून काम करणाऱ्यांविषयीं १७७ क्रमांकाचा करार संमत केला. अशा कामगारांना मजुरी व संरक्षण यांत इतर कामगारांच्या बरोबरीनें वागवावें, हें त्याचें सार आहे. तो मान्य करणारीं राष्ट्रें मात्र फारच थोडीं निघालीं.

या दोन गोष्टींचा परस्परांशीं निकट संबंध आहे, असें आम्हांस वाटतें. ज्या घरांत बटण लावणें हें 'एवढेंसें' काम समजलें जातें, त्याच घरांतला गृहस्थ फॉल लावून आणणाऱ्या बाईशीं दहा रुपयांसाठीं घासाघीस करतो. ज्यानें स्वतः एक काज नीट भरून पाहिलें आहे, एका सदऱ्याचीं सात बटणें देठासह लावलीं आहेत, त्याला त्या कामास किती वेळ व किती लक्ष लागतें तें कळतें. आणि मग मोबदला देतांना त्याचा हात आंखडत नाहीं. श्रमाची किंमत व्याख्यानानें कळत नाहीं, ती बोटांनाच कळावी लागते.

म्हणून सूचना साधी आहे. घरांतील मुलगा असो वा मुलगी, दहाव्या वर्षाच्या आंत त्याला सुईंत दोरा ओंवतां यावा, आणि बाराव्या वर्षापर्यंत आपल्या गणवेषाचें बटण आपणच लावतां यावें. सुटीच्या दिवशीं आजीनें डबी घेऊन बसावें आणि नातवंडांना, नातवांनाहि, एकेक बटण द्यावें. वडील माणसांनीं आपल्या सदऱ्यापासून आरंभ केला, तर मुलांना उपदेश करण्याची गरजहि पडणार नाहीं. डोंगरांतल्या खेड्यांत जें अडचणीमुळें शिकावें लागतें, तें शहरांतल्या सोयीच्या घरांत समजून-उमजून शिकावें, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. सकाळीं दहाच्या सुमारास स्वयंपाकघराकडे जाणारी ती हांक ज्या घरांत बंद होईल, त्या घरांतल्या सुनेला पोळी तव्यावरून वेळेवर उतरवितां येईल, आणि बटणहि अधिक दिवस टिकेल.